पाटणचा शिलालेख, अंकपाश आणि संग्रहरचना : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव तालुक्यात पाटण येथे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, असे त्यावरून समजते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमधील 'कलेक्शन' या घटकाच्या मुळाशी असलेला एक प्रश्न याच ग्रंथपरंपरेत आढळतो. त्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

अंकपाशातील विचार :
'लीलावती' या इ.स. ११५० च्या ग्रंथात अंकपाश हे प्रकरण आहे. २ ते ९ हे आठही अंक भिन्न असल्याने त्यांपासून ४०,३२० संख्या होतात. मात्र ४, ८, ५, ५, ५ या पाच अंकांपासून १२० नव्हे, तर २० च संख्या मिळतात. तीन पाचांची आपसांतील अदलाबदल नवी संख्या देत नाही. म्हणून १२० ला ६ ने भागावे लागते. गणनेपूर्वी 'समान कोणास म्हणावे' हे ठरवावे लागते, हा येथील बोध होय.

आधुनिक संग्रहरचना :
नॉर्वेतील डाल व न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेने 'क्लास' व 'ऑब्जेक्ट' या संकल्पना रूढ केल्या. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ ने लिस्ट, सेट व मॅप यांची सुसूत्र मांडणी केली. वरील पाच अंक लिस्टमध्ये क्रमासह पाचही राहतात. सेटमध्ये ४, ८ व ५ असे तीनच उरतात. परंतु विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारा स्वतंत्र क्लास तयार करून त्यात समानतेचा नियम सांगितला नाही, तर एकाच हजेरी क्रमांकाचे दोन ऑब्जेक्ट हॅशसेटमध्ये भिन्न ठरतात व एकच विद्यार्थी दोनदा मोजला जातो. 'इक्वल्स' लिहून 'हॅशकोड' वगळल्यासही हा दोष उरू शकतो. कारण हॅशसेट आधी हॅशकोडवरून जागा शोधतो व नंतर समानता तपासतो.

निष्कर्ष :
भास्कराचार्यांनी संगणकशास्त्राचे पूर्वकथन केले, असा दावा यातून करता येत नाही. अंकांची समानता उघड असते. ऑब्जेक्टची समानता रचनाकाराला ठरवावी लागते, हा भेद मूलभूत आहे. तथापि जळगाव-धुळ्याच्या वर्गात क्लासची नावे पाठ करून घेण्यापूर्वी तीन पाचांचे हे उदाहरण फळ्यावर मांडल्यास क्रम, पुनरावृत्ती व समानता या तिन्ही बाबी विद्यार्थ्यांस स्वतः पडताळून पाहता येतील.