मक्याचा साप आणि आपली धामण



अमेरिकेत कॉर्न स्नेक नावाचा साप आहे, म्हणजे मक्याचा साप. मक्याच्या कोठारात उंदरांमागे सापडायचा म्हणून हे नाव पडलं, असं काही सांगतात. काही म्हणतात, पोटावरची चौकडी रंगीत मक्याच्या दाण्यांसारखी दिसते म्हणून. बिनविषारी, चार-पाच फुटांचा. 1766 साली लिनियस या शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. तिकडेही लोकांनी त्याला विषारी कॉपरहेड समजून पुष्कळ मारलं. शहरवाल्यांनी मात्र पाळायला घेतला. 1950 च्या दशकात एक पांढरट-लाल रंगाचा साप रानात सापडला, त्यावरून पैदास सुरू झाली. आता पेटीत वाढवलेले त्याचे कितीतरी रंग विकले जातात.

मका अमेरिकेतून आपल्याकडे आला. त्याच्यामागे हा साप काही आपल्या रानात आला नाही, आणि गरजही नव्हती. ते काम इथे धामण आधीपासून करत होती.

आपल्या हरसूल भागात भात, नागली, वरई. खळं झालं की धान्य कणगीत, आणि कणगीमागे उंदीर. उंदीर जितकं खातो त्याहून जास्त नासवतो. धामण त्याच्या बिळात शिरते, तिथं मांजर पोचत नाही. ती दिवसा फिरते, सात-आठ फुटांपर्यंत वाढते. विष नाही, विळखा घालून मारणंही नाही, भक्ष्य अंगाखाली दाबते आणि गिळते. जुन्या माणसांनी याची जाण ठेवली होती. वाघबारशीला पुजतो त्या वाघदेवावर चंद्र, सूर्य, वाघ यांच्यासोबत नागही कोरलेला असतो.

मग बिघडलं कुठं? एक म्हणजे कातडं. पर्स, पट्टे, चपला यांच्यासाठी देशातून लाखांनी सापाची कातडी परदेशी जायची. धामण लांब आणि रुंद, म्हणून तिला मागणी. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. 1976 साली कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. तमिळनाडूतले इरुळ लोक साप पकडूनच जगायचे, त्यांचा धंदा बसला. 1978 साली त्यांची सहकारी संस्था निघाली. साप पकडायचा, विष काढायचं, परत रानात सोडायचा. त्या विषापासून सर्पदंशावरची लस तयार होते. पुढे धामणही कायद्याच्या यादीत आली. आज तिला मारणं, पकडणं, घरात पाळणं हा गुन्हा आहे.

दुसरं म्हणजे गैरसमज. धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते म्हणतात. सापाला ओठाने ओढून चोखताच येत नाही. शेपटी नाकात घालून म्हैस मारते म्हणतात, तेही खोटं. दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना पीळ घालतात, त्याला लोक जुगणं समजतात. बहुतेक वेळा ती दोन नरांची झुंज असते.

कातड्याचा बाजार गेला, पण मरण थांबलं नाही. आता पक्ष्यांसाठी लावलेल्या नायलॉन जाळीत ती अडकून मरते. विषारी गोळी खाल्लेला उंदीर गिळला तर तिलाही बाधा होऊ शकते. म्हणून जाळी जमिनीपासून वीतभर वर बांधा, हंगाम संपला की गुंडाळून ठेवा. बांधावरची झुडपं सगळी जाळू नका.

एक सांगतो, लांबून धामण आणि नाग सारखेच वाटतात. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका, लांब व्हा, सर्पमित्राला बोलवा. चावा झालाच तर भगताकडे वेळ घालवू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा.

अमेरिकेतला साप पेटीत बसून मालकाने दिलेला उंदीर खातो. आपली धामण आपला उंदीर स्वतः शोधते, फुकटात. तिला पाळायची गरज नाही, फक्त जगू द्या.

तुमच्या शिवारात यंदा धामण दिसली का? खाली लिहा.