कोटितीर्थाकांठचा चित्रकार

कोल्हापूरच्या चित्रकलेची हकीकत सांगतांना लोक बहुधा बाबूराव पेंटरांपासून आरंभ करतात. तें स्वाभाविकही आहे. 1920 सालच्या ‘सैरंध्री’ या बोलपटपूर्व काळांतील चित्रपटानें त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. परंतु खुद्द बाबूराव ज्यांस गुरुस्थानीं मानीत, ते आबालाल रहिमान मात्र कोल्हापूरबाहेर फारसे कोणाच्या स्मरणांत नाहींत.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकून 1888 सालीं व्हाइसरॉयचें पदक मिळविलेल्या या तरुणास धनिकांचीं व्यक्तिचित्रें काढून मुंबईंत सुखानें राहतां आलें असतें. चित्रकाराच्या चरितार्थाचा तोच त्या काळचा राजमार्ग होता. आबालाल मात्र आपल्या गांवीं, कोल्हापुरास, परतले आणि कोटितीर्थाच्या तळ्याकांठीं एकांतांत राहूं लागले. शाहू छत्रपतींनीं त्यांस आश्रय दिला. पंचगंगेचा घाट, तळ्याकांठची झाडी, रंकाळ्याच्या पाण्यांत उभा असलेला दगडी संध्यामठ हे त्यांचे नित्याचे विषय. पाण्यावर पडलेला उजेड ते रंगाच्या लहान लहान ठिपक्यांनीं असा उभा करीत कीं, फ्रान्समधील मोने प्रभृतींची आठवण व्हावी. हें साम्य दाखवून आबालालांस मोठेपणा देण्याची मात्र गरज नाहीं. रंकाळ्याची संध्याकाळ पाहण्यास कोणाचा दाखला लागत नाहीं!

बाबूरावांचा जन्म 1890 चा. म्हणजे ते आबालालांहून एका पिढीनें लहान. कलाशाळेची पायरी ते चढले नाहींत. वडील कृष्णराव मिस्त्री कुशल कारागीर. त्यांच्या हाताखालीं शिकून, आतेभाऊ म्हणा कीं चुलतभाऊ म्हणा, पण सख्ख्या भावासारख्या आनंदरावांबरोबर त्यांनीं नाटकांचे पडदे रंगविले. पदकविजेता पण विरक्त वृद्ध आणि कलाशाळा न पाहिलेला उद्योगी तरुण, अशी ही जोडी. आनंदराव 1916 त वारले, तरी बाबूरावांनीं चित्रपटाचा ध्यास सोडला नाहीं. 1925 च्या ‘सावकारी पाशां’त त्यांनीं अंधुक उजेडांतली उदास झोपडी आणि बाहेर केकाटणारें कुत्रें दाखविलें. उजेडाकडे असें पाहण्याची दृष्टि एकट्या कॅमेऱ्यानें दिली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

1922 च्या मे महिन्यांत शाहू महाराज निवर्तले. त्या दुःखांत आबालालांनीं आपलीं हजारों चित्रें कोटितीर्थांत लोटलीं, असें सांगतात. आकडा कथेनें फुगविला असेल. पण त्यांचीं फार थोडीं चित्रें उरलीं, हें खरें. 28 डिसेंबर 1931 रोजीं ते वारले.

शिष्याचें नशीबही फारसें निराळें नाहीं. ‘सावकारी पाश’चा तो मूकपट आज उपलब्ध नाहीं. बाबूरावांनीं 1936 सालीं तीच कथा पुन्हां, बोलपटाच्या रूपानें, काढली. आणि पुढें 1954 पर्यंतच्या आयुष्यांत ते पुन्हां चित्रकलेकडे व मूर्तिकामाकडे वळले.