संथ संगीत आणि घाईतली परीक्षणं

१३ फेब्रुवारी १९७० रोजी ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम इंग्लंडात आला. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीच्या परिसरातली ही चार पोरं. आदल्या ऑक्टोबरात एका दिवसात त्यांनी ध्वनिमुद्रण उरकलं होतं. ब्रिटनच्या यादीत अल्बम आठव्या क्रमांकापर्यंत चढला. समीक्षकांनी मात्र त्याला झोडपून काढलं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्सने ‘क्रीम’ या बँडची फिकी नक्कल म्हणून तो निकालात काढला. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये रॉबर्ट ख्रिस्तगाव यांचं मतही फारसं वेगळं नव्हतं.

आज डूम, स्लज, स्टोनर अशा नावांखाली जे अल्बम सतत येत असतात, त्या सगळ्यांचं मूळ घराणं या अल्बमपाशी जाऊन पोचतं. मग संगीतात मुरलेल्या माणसांना तेव्हा ते ऐकू का आलं नाही?

एक कारण त्यांच्या हातातल्या मापात आहे. त्या काळी रॉक गिटारवादक जोखला जायचा तो बोटांच्या चपळाईवर. सबाथच्या शीर्षकगीतात मुळात तीनच स्वर आहेत: सा, वरचा सा, आणि मग खाली उतरून तीव्र मध्यम. यमनमध्ये हाच तीव्र मध्यम आपल्याला किती प्रसन्न वाटतो! इथे त्याच्या सोबतीला गंधार नाही, पंचम नाही. उघडाबोडका तीव्र मध्यम तसाच लांबत, कंपत राहतो, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. चपळाईचं माप लावलं तर इथे मोजायला काही सापडतच नाही.

या वादनामागे एक अपघातही आहे. गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राईनहार्टची तबकडी ऐकवली. राईनहार्टची दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो जॅझमधला अव्वल गिटारवादक ठरला. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं आणि गिटारला बारीक तारा चढवल्या. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’मध्ये काही गाण्यांसाठी त्याने गिटार तब्बल तीन अर्धस्वर खाली उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला आणि आवाज जड झाला. पुढे हाच जडपणा एका अख्ख्या शैलीची ओळख बनला.

त्या शैलीला पुढे फाटे फुटले. स्वीडनच्या ‘कँडलमास’ने १९८६ साली आपल्या पहिल्याच अल्बमच्या नावात ‘डूम’ हा शब्द गुंफला. अमेरिकेत ‘मेल्विन्स’ने पंक संगीताचा राग संथ लयीत आणला, न्यू ऑर्लीन्सच्या ‘आयहेटगॉड’ने त्यात आणखी घाण कालवली, आणि त्याला ‘स्लज’, म्हणजे गाळ, हे नाव चिकटलं. कॅलिफोर्नियाच्या पाम डेझर्टमध्ये ‘कायस’ची पोरं वाळवंटात जनरेटर लावून वाजवत. जोश होमी आपली गिटार बेसच्या ॲम्प्लिफायरमधून वाजवायचा.

घाईचा सर्वात मोठा फटका बसला तो सॅन होजेच्या ‘स्लीप’ या त्रिकुटाला. लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्यांनी १९९६ साली ध्वनिमुद्रित केलं ते एकच गाणं, तासाभराहून थोडं मोठं. गांजा ओढणाऱ्यांचा एक काफिला वाळवंटातून चाललाय, एवढंच त्याचं कथानक. कंपनीला हे विकता येईना आणि बँड फुटला. गाणं आधी कापलेल्या रूपात ‘जेरुसलेम’ नावाने १९९९मध्ये आलं, आणि २००३मध्ये ‘डोपस्मोकर’ म्हणून जवळपास पूर्ण. आज स्टोनर-डूमचा कोणताही नवा अल्बम त्याच्या शेजारी ठेवून पाहिला जातो.

अर्थात संथ म्हणजे आपोआप गहन नव्हे. सैल तारा, फझ पेडल आणि मुखपृष्ठावर कवटी, एवढ्या भांडवलावर निघालेले अल्बम ढिगाने आहेत. फरक ओळखायचा कसा? एकच रिफ, म्हणजे गिटारचं आवर्तनी स्वरवाक्य, पन्नासाव्या वेळी येतं तेव्हा पहिल्यासारखंच ऐकू येतं का, ते पाहायचं. ‘डोपस्मोकर’मध्ये ड्रमर झांजेची जागा जराशी बदलतो, बेस मध्येच खालून वर येतो, आणि त्याच वाक्याचं वजन पालटतं. विलंबित ख्यालात मुखडा पुन्हा समेवर येताना आपण जे ऐकतो, त्याच्याशी या अनुभवाचं नातं आहे. ‘स्लीप’चा बेसवादक ॲल सिस्नेरोस पुढे ‘ओम’ या बँडमध्ये तानपुऱ्यापर्यंत पोचला. त्यांच्या २०१२च्या ‘अद्वैतिक साँग्ज’ची सुरुवातच महामृत्युंजय मंत्राने होते. जास्तीत जास्त आवाजाच्या मागे लागलेली ही वाट आधारस्वराकडे वळली, यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं कळायला वेळ द्यावा लागतो, आणि परीक्षण लिहिणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. तासाभराचं गाणं दहा मिनिटं ऐकून पुढे गेलं, तर हाती लागतो फक्त त्याचा जडपणा. ‘स्लीप’च्या बाबतीत उशीर झाला आणि बँड मोडला. सबाथचं नशीब बरं, त्यांच्या श्रोत्यांनी समीक्षकांची वाट पाहिली नाही.

बँग्सच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. १९७२ साली ‘क्रीम’ नावाच्याच मासिकात त्याने सबाथवर दोन भागांचा दीर्घ लेख लिहिला. झोडपलेल्या बँडकडे तो पुन्हा गेला, त्यांची गाणी गांभीर्याने घेतली आणि ती कुठल्या जगातून येतात याचा विचार केला. पहिलं परीक्षण आजही चवीने सांगितलं जातं. दुसऱ्याची आठवण फार कमी लोक काढतात.