दंडावरच्या लसीचं दुसरं आयुष्य

सुरुवातीलाच एक विनंती. आपला डावा दंड जरा चाचपून बघा. बहुतेकांना तिथे एक बारीक व्रण सापडेल. ती बीसीजीची खूण, क्षयाविरुद्ध लहानपणी टोचलेली लस. हीच लस मूत्राशयाच्या कर्करोगावर औषध म्हणूनही वापरतात. ते औषध आज पुण्यातही तयार होतं. आजचा विषय तो आहे, आणि त्याची एक दुर्मिळ पण गंभीर बाजूही.

फ्रान्समध्ये लील इथल्या पाश्चर संस्थेत काल्मेत आणि गेरँ या दोघांनी १९०८ साली गाईंना क्षय करणारा जंतू वाढवायला घेतला. खाद्य काय? ग्लिसरीन आणि पित्तात शिजवलेला बटाटा. दर काही आठवड्यांनी जंतू नव्या बटाट्यावर न्यायचा. असं १३ वर्षं, तब्बल २३० वेळा! जंतू जिवंत राहिला, पण रोग करण्याची त्याची ताकद गेली. १९२१ साली पॅरिसमध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला लस म्हणून दिला गेला.

पुढे १९३० साली जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात सुमारे २५० बाळांना ही लस पाजली आणि त्यांतली ७०हून अधिक दगावली. चौकशीत निघालं, की प्रयोगशाळेत खऱ्या क्षयाचे जंतू लसीत मिसळले होते. बीसीजी निर्दोष ठरली. पण जिवंत जंतूशी व्यवहार आहे, इथे हयगय चालत नाही, हा धडा तिथे मिळाला.

आता कर्करोगाकडे येऊ. १९२९ साली अमेरिकेत रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनाच्या नोंदींत दिसलं, की क्षय असलेल्यांत कर्करोग कमी आढळतो. तो निष्कर्ष पुढे वादात सापडला, पण कल्पना मागे राहिली. १९७६ साली कॅनडातल्या किंग्स्टनचे डॉ. अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी नळीवाटे बीसीजी थेट मूत्राशयात सोडली होती, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. सहाच का? तर लस सहा कुप्यांच्या खोक्यात यायची म्हणून! आजही पहिला क्रम सहा आठवड्यांचाच आहे. अमेरिकेत या उपचाराला १९९० साली मान्यता मिळाली.

हा जंतू शरीराच्या संरक्षक पेशींना मूत्राशयात गोळा करतो आणि त्या कर्करोगावर तुटून पडतात. बहुतेकांना थोडी जळजळ, एखादा दिवस कणकण, एवढाच त्रास होतो. १९९२ साली २,६०२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला. जोराचा ताप शंभरात तिघांना आला होता. जंतू रक्तात पसरून जिवावर बेतण्याची वेळ हजारात चौघांवर आली होती. कधी फुप्फुसाला, यकृताला सूज येते. कधी मणक्यात संसर्ग होतो, क्वचित महाधमनीची भिंत पोखरली जाऊन तिथे फुगा येतो.

नळी घालताना जखम झाली, तर जंतूला रक्ताची वाट मोकळी होते. काही रुग्ण दगावल्यावर नियम पक्का झाला: लघवीतून रक्त जात असेल किंवा नळीने इजा झाली असेल, तर त्या दिवशी औषध द्यायचं नाही. शस्त्रक्रियेनंतरही निदान दोन आठवडे थांबायचं.

आणखी एक गोष्ट. हा संसर्ग कधीकधी उपचारानंतर महिन्यांनी, अगदी वर्षांनीही डोकं वर काढतो. तेव्हा रुग्ण जातो पाठदुखी घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे, किंवा ताप घेऊन दुसऱ्याच कुणाकडे. आपल्याकडे तर तो नेहमीचाच क्षय वाटण्याची शक्यता फार. आणि नेहमीच्या तपासणीत दोघांतला फरक कळतोच असं नाही. पण फरक महत्त्वाचा आहे. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांतलं पायराझिनामाइड या जंतूवर चालतच नाही. बाकीची औषधं चालतात, आणि वेळेवर दिली तर रुग्ण बरा होतो.

म्हणून घरात कुणी हा उपचार घेतला असेल, तर ‘मूत्राशयात बीसीजी दिली होती’ हे वाक्य तारखेसह फाईलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला ते आपणहून सांगा. एवढं बोलून थांबतो.