विषाणूची जनुके आणि लिम्फोमा: ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

लिम्फोमा हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे. बहुतेक लिम्फोमांमागे विषाणू नसतो. काही प्रकारांत मात्र विषाणूच्या जनुकांचा वाटा असतो. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ वाचून घरचे विचारतात, ‘हा कॅन्सर आम्हालाही लागेल का?’ नाही, लागणार नाही.

ईबीव्ही म्हणजे काय?
एपस्टाइन-बार विषाणू. १९६४ मध्ये तो बर्किट लिम्फोमाच्या पेशींत सापडला. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. तो मुख्यतः लाळेतून पसरतो आणि बी-पेशींत आयुष्यभर सुप्त राहतो.

त्याची जनुके काय करतात?
बी-पेशीला वाढण्यासाठी बाहेरून संकेत मिळावा लागतो. एलएमपी-१ या जनुकापासून बनणारे प्रथिन हा संकेत सतत चालू ठेवते. दारावरच्या बेलचे बटण अडकून बसावे तसे. पेशी वाढत राहते आणि वेळ आली तरी मरत नाही. ईबीएनए-१ हे जनुक पेशी विभागताना विषाणूच्या प्रती नव्या पेशींत पोहोचवते.

मग सर्वांना लिम्फोमा का होत नाही?
शरीरातील टी-पेशी अशा पेशींना आवर घालतात. शिवाय पेशीच्या स्वतःच्या जनुकांतही बिघाड व्हावा लागतो. एचआयव्ही किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांमुळे टी-पेशींचा पहारा ढिला पडतो आणि धोका वाढतो. भारतात लहान मुलांच्या हॉजकिन लिम्फोमात ईबीव्ही बऱ्याचदा आढळतो.

इतर विषाणू
एचटीएलव्ही-१ चे टॅक्स जनुकही टी-पेशींना असेच वाढवते. हिपॅटायटिस सी प्रामुख्याने प्रतिकारशक्तीला सतत डिवचून धोका वाढवतो; त्यावर उपचार केल्यास काही लिम्फोमा आटोक्यात येतात.

घरच्यांनी काय करावे?
- रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करू नका.
- रक्तातील ईबीव्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणे म्हणजे बहुधा जुना संसर्ग, कॅन्सर नव्हे.
- मान, काख किंवा जांघेतील गाठ दोन-तीन आठवड्यांत कमी झाली नाही, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे सुरू झाले, तर डॉक्टरांना दाखवा.
- आपल्याकडे मानेची गाठ अनेकदा टीबीची असते, पण तपासणीशिवाय तसे गृहीत धरू नका. लिम्फोमाच्या निदानासाठी केवळ सुईची तपासणी सहसा पुरत नाही. गाठीची बायोप्सी लागते. नशिराबाद परिसरातील रुग्णांना यासाठी जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येईल.

ईबीव्ही असलेल्या लिम्फोमावरही उपचार होतात, आणि हॉजकिन लिम्फोमाचे बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर मात्र करू नका.