कर्कश आवाजाचं कूळ

दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा आणि रविवारी हिंदी, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुण्यातल्या ज्या मोजक्या घरांत स्पेक्ट्रम नावाचा छोटासा काळा संगणक आला होता, तिथल्या मुलांची सुट्टी या दोन चित्रपटांच्या वेळांवर बेतलेली असे. स्पेक्ट्रमला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरातल्या टीव्हीला जोडावा लागे. प्रोग्रॅम साठवायची सोयही त्याच्यात नव्हती, त्यासाठी घरातला टेपरेकॉर्डर लागे. म्हणजे वडिलांचा टीव्ही आणि ताईचा टेपरेकॉर्डर एकाच वेळी मोकळे मिळाले, तरच संगणक सुरू व्हायचा. चित्रपट सुरू व्हायच्या आत वायरी गुंडाळून ठेवायच्या, हा अलिखित करार होता.

क्लाइव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने हा संगणक एप्रिल १९८२मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणला. कुणाच्या मामांनी, कुणाच्या काकांनी तो परदेशातून आणला. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती इथेच विकायला सुरुवात केली. आमच्या मित्रमंडळात तो एकाच घरी होता. आम्ही सगळे त्या घरी पडीक असायचो. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. एक जण सॉफ्टवेअरमध्ये गेला, एक चित्रपटांच्या ध्वनीचं काम करू लागला. तरी भेटलो की गाडी दोनच रुळांवर जाते. एक म्हणजे स्पेक्ट्रम आणि दुसरं म्हणजे जुने चित्रपट. हे विषय दोन आहेत असंच आम्ही समजत होतो. ते एकाच घराण्यातले आहेत हे ध्वनीचं काम करणाऱ्या मित्राने दाखवून दिलं आणि तेव्हापासून ती वंशावळ माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरुवात त्या आवाजापासून केली पाहिजे. ‘जे’चं बटण दाबलं की पडद्यावर ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटायचा. पुढे दोन अवतरणचिन्हं, मग एंटर, मग टेपरेकॉर्डरचं प्ले. आधी काही सेकंद एकसुरी ‘टूंऽऽ’ आणि चित्राच्या चौकटीभोवती लाल-आकाशी रंगांच्या रुंद, आडव्या पट्ट्या. मग क्षणभराचा तुटक खरखराट आणि पडद्यावर प्रोग्रॅमचं नाव. पुन्हा ‘टूंऽऽ’. आणि मग ती किंचाळी. पट्ट्या एकदम बारीक होऊन निळ्या-पिवळ्या व्हायच्या आणि खालीवर थरथरायच्या. मोठा गेम असेल तर हे पाचेक मिनिटं चालायचं. मध्येच ‘आर टेप लोडिंग एरर’ आलं की पुन्हा पहिल्यापासून. मग आवाजाचं बटण थोडं पुढे, थोडं मागे. तरी जमलं नाही तर बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा स्क्रू किंचित फिरवायचा. हेड पट्ट्याला काटकोनात बसलं नाही की आवाजातले बारीक तपशील पुसट होतात आणि माणसाच्या कानाला न कळणारा हा फरक संगणकाला लगेच कळतो. एकाच्या रेकॉर्डरवर भरलेली कॅसेट दुसऱ्याच्या घरी चालायची नाही, ती यामुळेच.

या किंचाळीत नेमकं काय असे? स्पेक्ट्रमच्या झेड-८० या प्रोसेसरचे सेकंदाला ३५ लाख ठोके पडतात. टेपवरून येणारा आवाज म्हणजे त्याच्या लेखी नुसता वर-खाली होणारा विद्युत-संकेत. एका पालटापासून पुढच्या पालटापर्यंत किती ठोके गेले, एवढंच तो मोजतो. ८५५ ठोक्यांचे दोन तुकडे आले तर शून्य, त्याच्या बरोबर दुप्पट, १७१० ठोक्यांचे दोन आले तर एक. हे मोजण्यासाठी वेगळा सुटा भागसुद्धा यंत्रात नव्हता. सगळं काम प्रोसेसर स्वतः करी आणि म्हणून तेवढा वेळ त्याला दुसरं काहीही करता येत नसे. प्रत्येक पालटाला चौकटीचा रंग बदलायचा, एवढं एकच जादा काम त्याला दिलेलं होतं.

आणि इथेच गंमत आहे. टीव्हीवरचं चित्र वरून खाली एकेक रेघ आखत तयार होतं. एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात स्पेक्ट्रमचे २२४ ठोके होतात. त्यामुळे शून्याची पट्टी जेमतेम चार रेघांची उमटते आणि एकची जवळपास आठ रेघांची. म्हणजे आम्ही ज्याला सजावट समजत होतो तो टेपवरचा आवाजच होता, जशाच्या तसा, पट्ट्यांच्या रूपात आखलेला. बहुतेक घरांत टीव्ही काळे-पांढरे होते. तिथे या पट्ट्या गडद आणि फिक्या करड्या दिसत. ध्वनीवाल्या मित्राचं बोट नेमकं तिथे गेलं. तो म्हणाला, “अरे, हा तर फिल्मच्या कडेचा साउंड ट्रॅक आहे.”

चित्रपटाचं रीळ हातात घेऊन उजेडात धरलं, तर चित्रांच्या एका बाजूला एक अरुंद पट्टा दिसतो. जुन्या बोलपटांच्या एका पद्धतीत त्यावर गडद-फिक्या आडव्या रेघांची दाटी असते, दुसऱ्या पद्धतीत पांढऱ्या भागाची रुंदी कमी-जास्त होत जाते. तोच आवाज. प्रोजेक्टरमधला एक दिवा बारीक फटीतून त्या पट्ट्यावर प्रकाश टाकतो, पलीकडे बसवलेल्या फोटोसेलवर कमी-जास्त उजेड पडतो आणि त्याची वीज होऊन स्पीकरकडे जाते. हा आवाज आपल्या चित्राच्या शेजारी छापलेला नसतो, सुमारे वीस चौकटी पुढे असतो. चित्र दाखवताना फिल्म थांबत थांबत पुढे सरकावी लागते आणि आवाज वाचताना ती सलग वाहावी लागते. ही दोन कामं एकाच जागी होऊच शकत नाहीत.

मराठीत ही विद्या सगळ्यात आधी कमावली ती प्रभातच्या माणसांनी. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी कंपनी उभी केली आणि ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२मध्ये तिथूनच आला. विष्णुपंत दामले त्यांचे ध्वनिमुद्रक होते. या माणसाची तयारी कशी झाली हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दामले बाबूराव पेंटरांच्या हाताखालचे. बाबूरावांनी परदेशी कॅमेऱ्यावाचून अडू न देता स्वतःचा कॅमेरा कोल्हापुरात बनवला, त्या खटपटीत दामले होते. यंत्र उघडून, समजून घेऊन, पुन्हा जोडणारी ही परंपरा. बोलपट आला तेव्हा देशात ध्वनिमुद्रणाचं शिक्षण देणारी संस्था नव्हती. ज्याला यंत्राची भीती नाही त्यानेच ते शिकायचं होतं. १९३३मध्ये प्रभात पुण्यात आली. १९३६चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांनी इथेच दिग्दर्शित केला आणि १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला. प्रभात मिटल्यावर त्याच जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. लॉ कॉलेज रस्त्याच्या एवढ्याशा टापूत आवाजाला रेघांत पकडणाऱ्या माणसांच्या अनेक पिढ्या घडल्या. आमचा मित्र त्यांतलाच एक.

आता नातं नेमकं काय, ते नीट सांगायला हवं. फिल्मवरचा आवाज प्रकाशाचा, कॅसेटवरचा चुंबकाचा. त्यामुळे हे नातं सख्खं नाही, चुलत आहे. चुंबकी शाखेचा मूळपुरुष फ्रिट्झ प्फ्लॉयमर हा जर्मनीत काम करणारा संशोधक. सिगारेटच्या टोकाशी सोनेरी पट्टी चिकटवण्याची स्वस्त रीत त्याने शोधली होती. धातूची पूड कागदावर बसवण्याचं तेच कसब वापरून त्याने कागदी पट्टीवर लोहचूर्ण चढवलं आणि १९२८मध्ये त्यावर आवाज टिपण्याचं पेटंट घेतलं. १९३५मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात त्यावरून बेतलेला मॅग्नेटोफोन मांडला गेला. आणि त्याच शहरातल्या तशाच प्रदर्शनात, १९६३ साली, फिलिप्सने छोटी कॅसेट आणली. पट्ट्याची रुंदी चार मिलिमीटरलाही किंचित कमी, वेग सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर. लू ओटेन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती खिशात मावावी म्हणून केली होती. संगणकाचा विचारही त्यात नव्हता.

भारतात ही कॅसेट चित्रपटाचं बोट धरून घरात शिरली. गाणी तर होतीच, पण १९७५च्या ‘शोले’चे नुसते संवादही आधी तबकडीवर आणि मग कॅसेटवर खपले. पडदा नाही, चित्र नाही, तरी लोक संपूर्ण प्रसंग ऐकत बसत. घराघरांत टेपरेकॉर्डर पोचला तो या ओढीने.

त्याच १९७५मध्ये अमेरिकेत हौशी मंडळींपुढे प्रश्न होता की घरी जोडलेल्या संगणकाचे प्रोग्रॅम ठेवायचे कशावर? कागदी पट्टीला भोकं पाडणारी यंत्रं महाग होती. नोव्हेंबरमध्ये ‘बाइट’ मासिकाने कॅन्सस सिटीत बैठक बोलावली आणि तिथे साधा घरगुती टेपरेकॉर्डर वापरायचं ठरलं. शून्यासाठी १२०० हर्ट्झचा सूर, एकसाठी २४००चा, सेकंदाला ३०० बिट. सात वर्षांनी आलेल्या स्पेक्ट्रमने वेग चौपटीच्याही पुढे नेला, पण कल्पना तीच होती. प्रोग्रॅम हा आवाज झाल्यामुळे आवाजाला जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येऊ लागलं. १९८३मध्ये बेलग्रेड रेडिओवरच्या एका कार्यक्रमात प्रोग्रॅम चक्क प्रसारित झाले आणि श्रोत्यांनी ते घरी टेप करून चालवले. पुण्यात आम्ही दोन डेकचा रेकॉर्डर असलेल्या मित्राकडे जायचो. ज्या यंत्रावर तो गाण्यांच्या कॅसेटा भरायचा त्याच यंत्रावर गेम भरले जायचे. कधी एका बाजूला गाणी आणि दुसऱ्या बाजूला गेम. बाजू चुकली की दिवाणखान्यात किंचाळी आणि आतून आजीची हाक.

चित्रपट आणि स्पेक्ट्रम यांच्यातली आणखी एक सारखी गोष्ट मला मनापासून आवडते. गेमच्या आधी येणारं चित्र एकदम दिसत नसे. पडद्याचे तीन आडवे भाग. प्रत्येक भागात आधी दर आठवी रेघ उमटायची, मग त्यांच्या मधल्या रेघा भरत जायच्या. पूर्ण चित्र काळं-पांढरं व्हायचं आणि शेवटच्या ७६८ बाइटमध्ये सगळे रंग चढायचे, वरून खाली, सरसर. सिनेमाला काळ्या-पांढऱ्यातून रंगात यायला कित्येक दशकं लागली. तोच प्रवास हे चित्र रोज अर्ध्या-पाऊण मिनिटात करायचं आणि आम्ही दर वेळी डोळे लावून बसायचो.

या कुळाची पुढची पिढी म्हणजे आज चाललेलं जतनाचं काम. जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातची मूळ रिळंही त्यात गेली. ते नुकसान भरून येणारं नाही. आता उरलेल्या प्रती स्कॅन होतात तेव्हा ध्वनिपट्टा जुन्या रीतीने वाजवलाच पाहिजे असं राहिलेलं नाही. त्याचं नुसतं छायाचित्र घेतलं तरी चालतं. सॉफ्टवेअर त्यातल्या रेघा वाचतं आणि त्यांचा आवाज करतं. स्पेक्ट्रम आवाजाच्या रेघा करायचा, हे रेघांचा आवाज करतं. फाटलेल्या, चरे पडलेल्या पट्ट्यातून म्हणूनच पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येतं.

आमच्या कॅसेटांवरही हेच चाललं आहे. सॉफ्टवेअरवाला मित्र त्या लॅपटॉपवर उतरवतो आणि प्रत्येक पालटाची लांबी मोजून फाइल तयार करतो. स्पेक्ट्रमच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक तपासणीचा बाइट असतो. आधीच्या सगळ्या बाइटांची बेरीजवजा खूण. ती जुळली की तुकडा बरोबर उतरला असं धरायला हरकत नाही. चित्रपटाच्या आवाजाला अशी खूण नाही. तिथे कान लागतो, आणि तो तयार व्हायला वर्षं लागतात.

माळ्यावर अशा कॅसेटा कुणाकडे असतील तर दोन गोष्टी सांगतो. पट्ट्यावर पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट वाजवू नका, पुण्याच्या पावसाळ्यात ती हमखास धरते आणि एका कॅसेटची हेडला लागून पुढच्या दहांना लागते. आणि उतरवताना आवाज ‘सुधारणारी’ सगळी बटणं बंद ठेवा. कानाला जी खरखर वाटते तिच्यातच प्रोग्रॅम आहे.