विद्यापीठातली व्हिएतनामी

विद्यापीठात प्रगत व्हिएतनामी शिकणाऱ्याला बाजारातली बोली पुरत नाही. तिथली शास्त्रीय भाषा जाणीवपूर्वक घडवलेली आहे. 1906 साली हनोईत स्थापन झालेल्या विद्यापीठात शिक्षण फ्रेंचमधून होई. विज्ञान व्हिएतनामीला पेलणार नाही, हा समज होआंग सुआन हान यांच्या 1942 च्या शास्त्रीय परिभाषाकोशाने खोटा पाडला आणि 1945 च्या स्वातंत्र्यानंतर व्हिएतनामी हेच उच्च शिक्षणाचे माध्यम ठरले. या संज्ञा चिनीतून उसन्या आणलेल्या, असा आक्षेप घेतला जातो. पण ‘होआ’ म्हणजे बदल, ‘हॉक’ म्हणजे विद्या आणि ‘होआ हॉक’ म्हणजे रसायनशास्त्र! शतकानुशतके व्हिएतनामी उच्चारांत रुळलेल्या या धातूंना परके म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ‘हॉक’ हा शब्द तर शाळकरी पोराच्याही तोंडी असतो.